नागपुरातली रोजची भोरडी, तिकडची खास पाहुणी

परवा सकाळी साडेसहाला अंबाझरीच्या पाळीवर उभे होतो, सगळ्यांच्या दुर्बिणी पाण्याकडे, यंदा बदकं उतरली का नाही हेच जो तो बघून राहिला होता, आणि मागच्या तारेवर पन्नासेक भोरड्या येऊन बसल्या तर कुणी मानसुद्धा वळवली नाही. भोरडी म्हणजे पळसमैना, रोझी स्टार्लिंग. पावसाळ्यातच यायला लागते, पळस फुलेपर्यंत राहते, आपल्याला तिचं काय कौतुक!

पण हीच भोरडी ऑक्टोबरात फेअर आयलला दिसली की तिथले पक्षीवाले हातातलं काम टाकून धावतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं बेट आहे हे, मोठी झाडं जवळपास नाहीतच, त्यामुळे वाट चुकून आलेला पक्षी दगडी कुंपणावर नाहीतर शेतातच बसतो आणि लगेच दिसतो. 1948 पासून तिथे पक्षी निरीक्षण केंद्र आहे. पूर्वेकडून वारा सुटला की लोक खूश, कारण त्या वाऱ्यावर सायबेरियाकडचे पक्षी येतात.

आता गंमत बघा, शरदात तिकडे पोचणारी भोरडी बहुतेक वेळा त्याच वर्षीचं पिल्लू असते. गुलाबी-काळा रंग नाही की तुरा नाही, सगळं अंग मातकट, पंख जरा गडद आणि चोच फिकट पिवळी. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात जन्मलेल्या या पिल्लाने खरं तर आग्नेयेला, म्हणजे आपल्याकडे यायचं, ते गेलं पश्चिमेला. का बरं?

याचं बरंचसं उत्तर पेर्डेक नावाच्या डच शास्त्रज्ञाने भोरडीच्याच जातभाईंवर, साध्या स्टार्लिंगवर केलेल्या प्रयोगात आहे, 1958 साली तो छापून आला आणि मला तर तो पक्षीशास्त्रातला सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो. हिवाळ्यासाठी निघालेले 11 हजारांवर स्टार्लिंग त्यांनी हेग शहराजवळ पकडले, पायात कड्या घातल्या, विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. मोठ्यांनी दिशा बदलली आणि ते नेहमीच्या मुक्कामाकडे, इंग्लंड-उत्तर फ्रान्सच्या बाजूला वळले. पिल्लं मात्र आधीच्याच दिशेने उडत राहिली आणि थेट दक्षिण फ्रान्स, स्पेनला पोचली! म्हणजे पिल्लू जन्मतः दिशा घेऊन येतं, नकाशा नाही, नकाशा एकदा प्रवास केल्यावरच डोक्यात बसतो. त्यामुळे ती दिशाच एखाद्याच्या अंगात उलटी आली, किंवा वाऱ्याने बाजूला ढकललं, तर मोठा पक्षी सावरून घेतो पण पिल्लाला आपण चुकलो हे कळायचा मार्गच नसतो.

म्हणून आता गोरेवाड्याला जा की सायकी तलावाला, भोरड्यांचा थवा दिसला तर बदकांसोबत त्यालाही पाच मिनिटं द्या. गुलाबी पक्ष्यांच्या मधे ती मातकट पिल्लं शोधा, दुर्बीण नसली तरी जमतं. आईबापांनी बोट धरून आणलेली नाहीत ती, पहिल्यांदाच हा देश बघताहेत आणि तरी बरोब्बर पोचलीत.

आणि स्पेनला गेलेली ती स्टार्लिंगची पिल्लं? त्यातली काही पुढच्या हिवाळ्यांत परत तिकडेच सापडली.