दोन किलोंवरचं आरसी विमान: गोंद उघडण्याआधी कागदांचं बघा

खोका उघडला की पहिला हात पंखांकडे जातो. जाऊ द्या. दुसरा मात्र वजनकाट्याकडे जायला हवा. रेडिओवर उडणाऱ्या विमानाला आपल्याकडे कोणते कागद लागतात ते पंखांच्या लांबीवर किंवा किमतीवर ठरत नाही, वजनावर ठरतं. आणि वजन म्हणजे खोक्यावर छापलेलं नव्हे. बॅटरी, प्रॉप (नाकावरचा पंखा), रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारी डबी), हौसेनं चिकटवलेले स्टिकर, नाकात कोंबलेलं शिसं, सगळं धरून जमीन सोडताना जे भरेल ते.

हे सगळं ड्रोन नियम 2021 मध्ये आहे. नाव ड्रोनचं असलं तरी आत वैमानिक नसलेलं, 500 किलोंपर्यंतचं कुठलंही विमान त्यात मोडतं. म्हणजे आपलं बाल्साचं किंवा फोमचंही. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे 2 किलोंपर्यंत मायक्रो, त्यापुढे 25 किलोंपर्यंत स्मॉल. शिकाऊ मुलांचं सव्वा-दीड मीटर पंखांचं फोमचं विमान तीन सेलच्या लायपो बॅटरीसकट सहसा मायक्रोतच राहतं. दोन मीटर पंखांचं, सहा सेलवर चालणारं घेतलंत, तर 5000 एमएएचची बॅटरी एकटीच पाऊण किलोच्या आसपास जाते. ते विमान सरळ स्मॉलमध्ये.

खरी गंमत 1 किलो 900 ग्रॅमवाल्यांची. विमान जोडून होतं, बोटांवर तोलून बघतात तर शेपूट जड. मग नाकात 120 ग्रॅम शिसं. तोल सुंदर जमतो आणि विमान स्मॉल वर्गात जाऊन बसतं! म्हणून बॅटरीचा कप्पा चिकटवण्याआधी सगळं सामान नुसतं टेपनं लावून गुरुत्वमध्य बघा. बॅटरी दोन बोटं पुढे सरकवून जे काम होतं, त्याला शिसं कशाला?

दोन किलोंच्या आत राहिलात, तर छंदासाठी उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. ओलांडलंत की लागतं.

त्या सर्टिफिकेटची पात्रता सोपी आहे: वय 18 ते 65, दहावी पास, आणि डीजीसीएची, म्हणजे नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेचा कोर्स पूर्ण. पूर्वी याला लायसन्स म्हणत. 2022 च्या दुरुस्तीत लायसन्स गेलं आणि सर्टिफिकेट आलं. ते संस्थेमार्फतच ऑनलाइन निघतं, अर्जाचा नमुना डी-4, सरकारी शुल्क 100 रुपये, मुदत 10 वर्षं. 100 रुपयांवर खूश होऊ नका, कोर्सची फी वेगळी आणि ती हजारांत असते. कागद म्हणजे दहावीचं प्रमाणपत्र आणि ओळख व पत्त्याचा सरकारी पुरावा. पासपोर्टच हवा ही अट 2023 मध्ये काढली; मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. बऱ्याच संस्था डॉक्टरांचं फिटनेस प्रमाणपत्रही मागतात.

पैसे भरण्याआधी संस्थेला एकच प्रश्न विचारा: कोर्स कुठल्या प्रकारच्या विमानाचा? नियमांत एअरोप्लेन, रोटरक्राफ्ट आणि हायब्रिड असे वेगळे प्रकार आहेत, आणि बहुतेक ठिकाणी शिकवतात ते चार पंख्यांचं रोटरक्राफ्ट. तुम्हाला उडवायचंय पंखवालं विमान. सोळा वर्षांच्या मुलासाठी मोठं विमान आणायचा विचार असेल तर थांबा. अठरा होईपर्यंत त्याला दोन किलोंच्या आतलंच बरं, शिकायलाही तेच सोयीचं.

आता नोंदणी. हौशी लोकांसाठी नियमांत 'मॉडेल' असा वेगळा उपप्रकार आहे: 25 किलोंपर्यंतचं, नजरेच्या टप्प्यात उडवायचं, आणि वापर फक्त शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा करमणुकीसाठी. याचा मोठा फायदा म्हणजे टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या रचनेला मिळणारं मान्यतापत्र, लागत नाही. त्याच विमानाला कॅमेरा बांधून कुणाच्या प्लॉटचं शूटिंग पैसे घेऊन केलंत, की मॉडेलची सवलत संपली.

पण टाइप सर्टिफिकेट नाही म्हणजे नोंदणी नाही, असं नव्हे. प्रत्येक विमानाला यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावा लागतो. अर्ज डी-2, शुल्क 100 रुपये. नियमांत डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचं नाव आहे, अर्जांचं काम मात्र आता डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर चालतं. हा क्रमांक विमानाचा अनुक्रमांक, फ्लाइट कंट्रोलरचा (उड्डाण सांभाळणाऱ्या सर्किटचा) अनुक्रमांक आणि हातातल्या रिमोटचा अनुक्रमांक यांना जोडलेला असतो. फॉर्म क्वाडकॉप्टर (चार पंख्यांचा ड्रोन) डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय, हे वाचताक्षणी कळतं. आपल्या विमानात बहुतेक वेळा नुसता रिसीव्हर असतो, फार तर विमान स्थिर ठेवणारा एखादा जायरो. अशा वेळी काय भरायचं हे अंदाजानं ठरवू नका. डीजीसीएला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

म्हणूनच जोडणी सुरू करण्याआधी रिसीव्हर, जायरो, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) आणि ट्रान्समीटर (हातातला रिमोट) यांच्या स्टिकरांचे फोटो काढून ठेवा. हा सल्ला अनुभवाचा आहे. मी एकदा रिसीव्हर फोमच्या खोबणीत पक्का चिकटवला आणि आठवड्यानं नंबर हवा म्हणून नव्या कोऱ्या विमानाचं पोट ब्लेडनं उघडलं. बिलंही ठेवा, खोकी रद्दीत देऊ नका. आयात केलेलं विमान असेल तर जास्तच जपा. फेब्रुवारी 2022 पासून तयार किंवा जोडून घ्यायच्या पूर्ण संचाच्या स्वरूपातल्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, एकेकट्या सुट्या भागांना मुभा आहे. त्यामुळे वस्तू कुठून आली हे सांगता आलं पाहिजे.

इंजिनीअरिंग कॉलेजच्या मुलांसाठी वेगळी वाट आहे. संशोधन आणि विकासासाठी उडवणाऱ्या मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना टाइप सर्टिफिकेट, यूआयएन आणि रिमोट पायलट सर्टिफिकेट या तिन्हींतून सूट आहे. अट अशी की ग्रीन झोनमध्ये (तो काय, ते पुढे येतंच), संस्थेच्या आवारात किंवा संस्थेच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेतच उडवायचं. स्पर्धेसाठी विमान बांधत असाल तर विभागप्रमुखांचं पत्र घेऊन ठेवा. घराच्या गच्चीवर ही सूट चालत नाही.

कागद झाले, आता जागा. डिजिटल स्कायच्या नकाशावर ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट होते. 5 ते 8 किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच यलो झोन, तिथे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी हवी. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही. पुणेकरांनी नकाशा उघडताना मन घट्ट करावं: एका बाजूला लोहगावचा हवाईदलाचा तळ, दुसऱ्या बाजूला खडकवासल्याची एनडीए. हडपसरच्या पुढे किंवा मुळशीकडे गेलात तरी आधी नकाशा, मग पेट्रोल.

आणि नकाशा हिरवा दिसला म्हणून काम संपत नाही. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत एखादा भाग 96 तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन होऊ शकतो. मुंबई पोलीस तर वेळोवेळी मनाई आदेश काढतात, आणि त्यात ड्रोन, पॅराग्लायडर यांच्यासोबत रिमोटवर चालणाऱ्या विमानांचाही उल्लेख असतो. जिथे उडवायचं तिथल्या पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी जाऊन यावं. विमान गावाजवळच्या माळावर उडवत असाल तर सरपंचांनाही सांगा. कायद्यात ही अट नाही, पण आकाशात काहीतरी घोंगावतंय म्हटल्यावर पहिला फोन त्यांनाच जातो.

विम्याकडे फार कुणी बघत नाही. नॅनो सोडून बाकी सगळ्यांना थर्ड पार्टी विमा हवा, मोटार वाहन कायद्याच्या धर्तीवर. चार किलोंचं विमान प्रॉप फिरवत खाली येतं तेव्हा काय होतं, हे ज्यानं पाहिलंय तो हप्त्यावर घासाघीस करत नाही. त्याच कारणासाठी ट्रान्समीटरचा सिग्नल तुटल्यावर मोटर बंद होते का, हे पहिल्या उड्डाणाआधी प्रॉप काढून तपासा. अपघात झालाच तर 48 तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत.

शेवटचा अर्ज सगळे विसरतात. विमान विकलंत, भेट दिलंत, तर यूआयएन नव्या मालकाच्या नावे करायला डी-3 भरा, शुल्क पुन्हा 100 रुपये. विमान कायमचं हरवलं किंवा चुरा झालं तर नोंदणी रद्द करायलाही हाच अर्ज. तुमच्या नावाचा क्रमांक पोटावर घेऊन ते दुसऱ्याच्या हातून कुणाच्या गाडीवर पडलं, तर फोन तुम्हाला येणार.