शिक्रा की पावशा? पातेलं वाजवण्याआधी नीट बघा

एप्रिलमध्ये ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक फोटो आला. आंब्याच्या फांदीवर राखाडी पाठीचा, पोटाला तांबूस पट्टे असलेला पक्षी आणि खाली मजकूर: ‘ससाणा!! मधुमालतीतल्या बुलबुलाच्या घरट्यावर टपलाय.’ दहा मिनिटांत पहिल्या मजल्यावरच्या काकू पातेलं आणि उलथनं घेऊन गॅलरीत उभ्या राहिल्या, वॉचमनने काठी आपटली, पोरांनी टाळ्या पिटल्या. पक्षी येऊरच्या डोंगराकडे निघून गेला. या गोंगाटात बुलबुल अंड्यांवरून उठला तो बराच वेळ परतला नाही, आणि समोरच्या केबलवर बसलेला कावळा हा सगळा तमाशा मान वाकडी करून बघत होता.

संध्याकाळी मी फोटो मोठा करून पाहिला. डोळ्याभोवती पिवळं कडं, चोच सडपातळ, जवळपास सरळ. तो पावशा होता. सुरवंट खाऊन जगणारा.

काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “अगं, पण दिसायला तर अगदी शिकारी!” काकूंचं काही चुकलं नाही. शिक्रा आणि पावशा यांच्यात भलेभले फसतात. आमच्याकडे पोखरण रोडच्या या टोकाला, डोंगर अगदी पाठीशी असल्यामुळे, दोघेही नेमाने येतात. मार्च ते जून हा घरट्यांचा हंगाम, तेव्हा तर दोघांचीही ये-जा दिसते. त्यामुळे कोणाला घाबरायचं आणि कोणाला नाही, हे आधी डोळ्यांना शिकवावं लागतं.

नावापासून सुरुवात करते, कारण अर्धा घोटाळा तिथेच आहे. वाकडी चोच दिसली की आपण ‘ससाणा’ म्हणून मोकळे होतो. ससाणे हे वेगळ्या कुळातले, लांब टोकदार पंखांचे. आपल्या सोसायट्यांतून घुसणारा बहुतेक वेळा शिक्रा असतो: कबुतराएवढा किंवा थोडा लहान, आखूड गोलसर पंखांचा, झाडाझुडपांतून वाट काढत उडणारा. मादी नरापेक्षा मोठी. पावशा मात्र कोकिळेच्या कुळातला. त्याची लांबी साधारण 34 सेंटिमीटर, तीही बरीचशी शेपटीमुळे.

आता समोर बसलेला पक्षी कोणता ते कसं ओळखायचं? पोटाचे पट्टे बघू नका. तिथेच तर फसवणूक आहे. पाठ दोघांची राखाडी, पाय दोघांचे पिवळे, शेपटीवर दोघांच्याही आडवे पट्टे. पिल्लं तर आणखी घोळ घालतात, कारण लहान वयात दोघेही वरून तपकिरी आणि खालून ठिपक्या-रेघांचे असतात. माझी नजर आधी चोचीवर जाते. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वाकलेली, मांस फाडायला केलेली. पावशाची चोच टोकाशी किंचित झुकते, एवढंच. मग डोळा. पावशाच्या डोळ्याभोवती हळदीच्या बोटाने काढावं तसं पिवळं कडं असतं. शिक्र्याला असं कडं नसतं, आणि प्रौढ नराचा डोळा तर लालभडक. शिक्र्याच्या पांढऱ्या गळ्यावर मधोमध एक उभी गडद रेघ असते, ती दिसली की प्रश्नच मिटला. पाय दिसत असतील तर तेही बघा. शिक्र्याची तीन बोटं पुढे, एक मागे, आणि नख्या अशा की बघूनच अंगावर काटा यावा. पावशाची दोन पुढे, दोन मागे.

दुर्बीण नसेल तर वागणं बघा. दोघेही चार-पाच वेळा पंख मारून तरंगत येतात, खालून येऊन झपकन वर चढून फांदीवर बसतात. बसल्यावर पावशा शेपटी डावी-उजवी हलवतो. गंमत म्हणजे हीसुद्धा शिक्र्याचीच लकब. म्हणजे नकलाकाराने चालही उचलली आहे. पण आकाशात उंच घिरट्या घालताना दिसला तर तो पावशा असणार नाही, ते काम शिक्र्याचं.

आवाजावर मात्र फसायचं कारण नाही. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असं चढत चढत, आता याचा घसा फाटणार असं वाटेपर्यंत ओरडून एकदम गप्प होणारा तो पावशा. चांदण्या रात्री दोन-अडीच वाजताही ओरडतो. आमच्याकडे त्याच्या ओरडण्याने झोप उडते म्हणून तक्रार करणारे आहेत, आणि तेच लोक दिवसा त्याला ससाणा समजून हाकलतात. थंडीत तो गप्प असतो, म्हणून आपल्याला वाटतं गेला कुठेतरी. शिक्र्याची हाक दोन तुकड्यांची, तीक्ष्ण, ‘टी-टुई’ अशी. एक सावधगिरी: कोतवाल पक्षी ती हाक हुबेहूब काढतो. तेव्हा नुसत्या आवाजावरून शिक्रा आला म्हणून पातेलं उचलू नका. (चातक हा तिसराच. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पावसाबरोबर येणारा. तोही कोकिळेच्या कुळातला, पण पावशापेक्षा वेगळा.)

पावशाने शिकाऱ्याचं सोंग का घ्यावं? कारण तो स्वतः घरटं बांधत नाही. त्याची मादी सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडं घालते. सातभाईंची अंडी निळी, हिचंही निळंच. पिल्लू बाहेर आलं की बहुतेक वेळा यजमानांची अंडी ढकलून देतं, आणि मग सातभाईंचा अख्खा कळप त्याला भरवत बसतो. कळपाबरोबर फिरत कर्कश आवाजात खायला मागणारं, त्यांच्यापेक्षा वेगळंच दिसणारं एखादं पिल्लू ठाण्यात दिसलं तर दचकू नका. आता घरट्याजवळ जाणाऱ्या मादीला यजमानांनी टोचून हाकललं तर डाव फसला. शिकाऱ्यासारखं दिसलं की छोटे पक्षी जरा लांब राहतात. इंग्लंडमधल्या साध्या कोकिळेवर 2008 मध्ये निक डेव्हिस आणि जस्टिन वेल्बर्गन यांनी हे तपासून बघितलं होतं. खाद्यपात्राजवळ कोकिळेची प्रतिकृती ठेवली तर छोटे पक्षी खऱ्या शिकाऱ्याला घाबरावेत तसे घाबरले. पोटाचे पट्टे झाकल्यावर भीती कमी झाली. म्हणजे त्या छोट्या पक्ष्यांचीही आमच्या काकूंसारखीच गत.

याचा बुलबुलाच्या घरट्याशी संबंध काय? पावशाचा, जवळजवळ काहीच नाही. त्याला तुमच्या बुलबुलाची, शिंप्याची किंवा दयाळाची पिल्लं नको असतात. त्याला आंब्यावरचे केसाळ सुरवंट हवे असतात, आणि तो ते खातो हे झाडाच्या आणि आपल्या दोघांच्याही भल्याचंच. सातभाईंच्या घरट्यात त्याचं अंडं असेल असं वाटून ते शोधायला जाऊ नका. ओळखता येणार नाही, आणि ते आपलं काम नाही.

शिक्रा खरा शिकारी आहे, पण त्याची पद्धत समजून घ्या. तो दडून बसतो आणि एकदम झेप घेतो. सरडे, पाली, उंदीर, खारी, टोळ, चतुर आणि छोटे पक्षी, असं त्याचं ताट. घरट्यातल्या अंड्यांपेक्षा घरट्याबाहेर नुकतंच पडलेलं, धड उडता न येणारं पिल्लू त्याला सोपं जातं. कठड्यावर किंवा टाकीवर उपटलेल्या पिसांचा सडा दिसला तर तो तिथे जेवला असं समजा.

आणि अंडी गेली, घरटं मात्र जसंच्या तसं, पीसही नाही? मग शिक्र्याला दोष देऊ नका. ते काम बहुधा कावळ्याचं. नाहीतर भारद्वाजाचं. हो, तोच, ज्याचं दर्शन शुभ मानून आपण हात जोडतो. तो झुडपातून चालत चालत घरटी तपासतो, अंडी आणि पिल्लं दोन्ही उचलतो. शुभ असेल, पण बुलबुलाच्या दृष्टीने नाही! घरटं ओरबाडून खाली पाडलेलं असेल तर मांजर. डोंगराकडच्या सोसायट्यांत धामणही येते, आणि तिच्यामागे कसलीही खूण राहत नाही.

म्हणून राखण करायची तर ती कावळा आणि मांजर यांच्यापासून. त्यात सगळ्यात मोठी चूक आपणच करतो. दिवसातून पाच वेळा फांदी बाजूला करून ‘किती अंडी झाली’ बघतो, मोबाइल आत घालतो. कावळा आपल्याकडेच बघत असतो. आपण जिथे वाकतो तिथे काहीतरी आहे, एवढं त्याला पुरतं. आमच्या मधुमालतीपाशी फोटोसाठी रांग लागायची ती मी बंद केली. आता लांबून, जाता जाता, एका नजरेत बघायचं. थांबायचं नाही.

दुसरं, घरट्याच्या आसपास भात, फरसाण, पोळीचे तुकडे टाकायचे नाहीत. ग्रुपमध्ये यावरून भांडण झालं, कारण ‘पितरांचा कावळा’ उपाशी ठेवणार का, असा मुद्दा निघाला. मी म्हटलं, घाला की, पण गच्चीवर घाला. वेलीखाली नको. दाण्यांवर कबुतरं जमली की शिक्राही तिथे फेरी मारू लागतो.

मांजरासाठी खोडाला गुळगुळीत पत्र्याची रुंद पट्टी गुंडाळता येते, छातीच्या उंचीवर, जेणेकरून नखं धरणार नाहीत. पण वेल भिंतीवरून चढलेली असेल तर त्याचा उपयोग शून्य. तिथे खालच्या कुंड्या हलवा, उडी मारायची पायरीच काढून टाका. पाण्याचं भांडं दाट झुडपाला चिकटून ठेवू नका, मांजर तिथेच दबा धरतं. उघड्यावर ठेवा, पण दोन-तीन मीटरवर एखादं झुडूप असू द्या. शिक्रा आला तर चिमण्या-बुलबुलांना शिरायला जागा हवी. शिक्र्यावर उपाय असेल तर तो हाच, दाट हिरवाई. जाळी लावून घरटं कोंडायच्या भानगडीत अंडी असताना तरी पडू नका, पालक घरटं टाकून देतात.

चिमण्यांची लाकडी पेटी लावणार असाल तर भोक 32 मिलिमीटरचं ठेवा आणि खाली बसायला दांडी लावू नका. दुकानातल्या पेट्यांना हौसेने लावलेली असते. चिमणीला ती लागत नाही. कावळ्याला लागते.

पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी नेमकी या घरट्यांच्या दिवसांत येते, हा दरवर्षीचा वैताग. यंदा आम्ही सोसायटीच्या सभेत वेलीचा कोपरा आणि आंब्याच्या दोन फांद्या पावसाळ्यानंतर छाटायच्या असं लिहून घेतलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरटी आणि अंडी यांचं नुकसान हेसुद्धा शिकारीतच धरलं आहे, हे वाचून दाखवल्यावर सेक्रेटरी लगेच मान्य झाले. बुलबुलासाठी नाही, कायद्यासाठी. चालेल.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर? पिसं आलेली असतील तर ते उडायला शिकतंय. मांजर जवळ असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकते, हे खरं नाही. घरी आणून दूधभात भरवणं मात्र कृपा करून टाळा.

परवा काकूंचा फोन आला. “आलाय तुझा तो. पण या वेळी मी नीट पाहिलं हं, गळ्यावर रेघ आहे.” मी गॅलरीत आले. खरंच शिक्रा होता, समोरच्या डिश अँटेनावर, लाल डोळ्याचा नर. मधुमालतीत बुलबुलांनी आरडाओरडा सुरू केला होता, सातभाईही येऊन सामील झाले होते. काकूंच्या हातात पातेलं होतं, पण त्यांनी ते वाजवलं नाही. मिनिटभराने शिक्राच कंटाळून उडाला, आणि त्याच्या मागोमाग दोन कोतवाल.