खेळाडू आणि कलावंतांची वकिली

खेळाडू, नट-नट्या, गायक आणि इतर प्रसिद्ध व्यक्तींच्या वतीने न्यायालयात उभे राहून फौजदारी व दिवाणी खटले चालवण्याचा व्यवसाय. करारमदार तपासणारे, मानधनाची बोलणी करणारे वकील वेगळे आणि खटला लढवणारे वकील वेगळे. करार मोडला, अटक झाली, बदनामी झाली किंवा महासंघाने बंदी घातली, की या दुसऱ्या प्रकारच्या वकिलाला बोलावणे जाते. साक्षीपुराव्याची तयारी, उलटतपासणी आणि युक्तिवाद हे त्याचे काम. हा व्यवसाय आजच्या रूपात मुख्यतः अमेरिकेत घडला. व्यावसायिक खेळ आणि चित्रपट-उद्योग तिथे लवकर मोठे झाले आणि फौजदारी खटल्यांबरोबर बऱ्याच दिवाणी दाव्यांतही तिथे ज्यूरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ, बसते. साहजिकच पुढील उदाहरणे बहुतांशी तिथली आहेत.

श्रीमंत आरोपी आणि त्याला सोडवणारा महागडा वकील हे या व्यवसायाचे रूढ चित्र आहे. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. या वकिलांची खरोखर दूरगामी ठरलेली कामे पाहिली, तर त्यांतली पुष्कळशी खेळाडू फिर्यादी असलेल्या खटल्यांत सापडतात.

सुरुवातीचा काळ

विनोदी नट रॉस्को 'फॅटी' आर्बकल यांच्यावर १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका मेजवानीनंतर मृत्यू पावलेल्या तरुण अभिनेत्रीच्या सदोष मनुष्यवधाचा आरोप आला. खटला तीनदा चालला. पहिल्या दोन ज्यूरींचे एकमत झाले नाही. १२ एप्रिल १९२२ रोजी तिसऱ्या ज्यूरीने अवघ्या काही मिनिटांत त्यांना निर्दोष ठरवले. एवढेच नव्हे, तर त्यांच्यावर मोठा अन्याय झाला आहे, नुसती सुटका पुरेशी नाही, असे लेखी निवेदनही दिले. यापेक्षा पूर्ण विजय कोणत्या वकिलाला मिळणार? तरीही सहाच दिवसांत चित्रपट-उद्योगाचे नियामक विल हेज यांनी आर्बकल यांच्या चित्रपटांवर बंदी घातली. ती वर्षअखेर उठली, पण त्यांचे नायकपद परत आले नाही. याच प्रकरणाच्या धास्तीने युनिव्हर्सल कंपनीने १९२१ मध्येच कलावंतांच्या करारात वर्तणुकीचे कलम घातले. अब्रूला बट्टा लागेल असे वर्तन घडल्यास पगार थांबवण्याचा अधिकार कंपनीला त्यातून मिळाला. तेव्हापासून या वकिलाला डोक्यात दोन हिशेब ठेवावे लागतात. एक निकालाचा, दुसरा निकालापूर्वीच होऊन जाणाऱ्या नुकसानीचा.

लॉस एंजेलिसचे जेरी गीस्लर हे हॉलिवूडचे पहिले मोठे फौजदारी वकील मानले जातात. नट एरोल फ्लिन यांची १९४३ मध्ये आणि चार्ली चॅप्लिन यांची १९४४ मध्ये त्यांनी ज्यूरीपुढे निर्दोष सुटका करवून घेतली. चॅप्लिन यांच्यावरच पितृत्वाचा दिवाणी दावाही झाला. त्यात वकील दुसरे होते. रक्तचाचणीने ते मुलीचे वडील नाहीत असे दाखवले असतानाही १९४५ मध्ये ज्यूरीने ते वडील असल्याचा निकाल दिला. त्या न्यायालयात अशी चाचणी निर्णायक पुरावा धरली जात नव्हती आणि चॅप्लिन यांच्याविषयीचे लोकमत तोवर फिरले होते. प्रसिद्धीचे पारडे नेहमी प्रसिद्ध माणसाच्या बाजूनेच झुकते, या समजाला हा निकाल छेद देतो.

जडणघडण

या क्षेत्रात थेट प्रवेश असा नसतो. कायद्याची पदवी आणि बारची परीक्षा झाली, की बहुतेक जण सरकारी वकिलाच्या किंवा गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या सार्वजनिक बचाव-वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करतात. कारण साधे आहे: खटला चालवायला फक्त तिथेच वारंवार मिळतो. अमेरिकी संघराज्य न्यायालयांत दहातले नऊहून अधिक फौजदारी आरोपी गुन्हा कबूल करतात किंवा त्यांच्यावरील आरोप मागे घेतले जातात. ज्यूरीपर्यंत पोहोचणारे फारच थोडे. मोठ्या खासगी पेढीत दहा वर्षे काढूनही स्वतंत्रपणे एकही साक्षीदार न तपासलेले वकील असतात.

जॉनी कॉक्रन (१९३७–२००५) यांनी १९६३ मध्ये लॉस एंजेलिस शहराचे सरकारी वकील म्हणून काम सुरू केले. पुढे पोलिसांच्या अत्याचारांविरुद्धच्या दाव्यांत त्यांचे नाव झाले. १९९५ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांच्या, घटस्फोटित पत्नी आणि तिच्या मित्राच्या खुनाच्या आरोपातून झालेल्या सुटकेने ते जगभर पोहोचले. स्वतः कॉक्रन यांना मात्र 'ब्लॅक पँथर' संघटनेचे नेते जेरोनिमो प्रॅट यांच्यावरचा खुनाचा खटला अधिक मोलाचा वाटे. १९७२ मध्ये ते हरले होते. प्रॅट यांची शिक्षा रद्द होऊन ते तुरुंगाबाहेर यायला १९९७ उजाडले. बेसबॉलपटू रॉजर क्लेमेन्स यांना २०१२ मध्ये खोट्या साक्षीच्या आरोपातून सोडवणारे रस्टी हार्डिन हेही आधी ह्यूस्टनमध्ये सरकारी वकील होते. बाललैंगिक शोषणाच्या खटल्यातले गायक मायकेल जॅक्सन यांचे वकील टॉमस मेझरो दक्षिणेकडील राज्यांत मृत्युदंडाची टांगती तलवार असलेल्या गरीब आरोपींचे खटले विनामोबदला चालवत. ज्यूरीतल्या माणसांशी बोलायचे कसे, हे अशाच खटल्यांत शिकायला मिळते. झगमगाट फार पुढे येतो.

प्रसिद्ध अशील आणि न्यायालय

पहिली कसोटी ज्यूरी निवडताना लागते. ज्याच्याविषयी काहीच मत नाही असा माणूस शोधणे इथे जवळजवळ अशक्य. म्हणून मत असूनही ते बाजूला ठेवू शकेल असा माणूस शोधावा लागतो. सिम्पसन खटल्यात ज्यूरीच्या उमेदवारांना २९४ प्रश्नांची प्रश्नावली भरावी लागली होती.

दुसरी कसोटी स्वतः अशील. ज्याच्याभोवती वर्षानुवर्षे होयबा असतात, त्याला न्यायाधीशापुढे वेळेवर आणि गुमान बसायला सांगणे सोपे नसते. १० मार्च २००५ रोजी कॅलिफोर्नियातील सांता मारियाच्या न्यायालयात जॅक्सन वेळेत हजर झाले नाहीत, तेव्हा न्यायाधीश रॉडनी मेलव्हिल यांनी तासाभरात आले नाहीत तर जामीन रद्द करून अटक करण्याची तंबी दिली. पाठदुखीमुळे रुग्णालयात गेलेले जॅक्सन पायजम्यावर कोट चढवून तसेच न्यायालयात आले. मेझरो यांनी पुढचे तीन महिने लक्ष साक्षींवर ठेवले. १३ जूनला सर्व आरोपांतून सुटका झाली.

प्रसिद्ध माणसाचे आयुष्य फोटोंत जपलेले असते आणि हाच पुरावा त्याच्यावर उलटू शकतो. फौजदारी खटल्यात सिम्पसन साक्षीला उभे राहिले नव्हते. तो त्यांचा हक्क होता. मृतांच्या नातेवाइकांनी लावलेल्या दिवाणी दाव्यात मात्र शपथेवर उत्तरे देणे भाग पडले. फिर्यादींपैकी एकाचे वकील डॅनियल पेट्रोचेली यांनी विचारले, घटनास्थळी ज्यांचे रक्ताळलेले ठसे उमटले तसे ब्रुनो माली बनावटीचे बूट तुमच्याकडे होते का? असले कुरूप बूट आपण घालणारच नाही, असे उत्तर आले. मग बफेलोच्या मैदानावर सप्टेंबर १९९३ मध्ये काढलेला, तेच बूट दाखवणारा फोटो पुढे आला. बचावपक्षाने तो बनावट ठरवण्याचा प्रयत्न केला. पण खटला चालू असतानाच दुसऱ्या छायाचित्रकाराचे आणखी तीस फोटो मिळाले आणि त्यांतला एक तर हत्यांच्या कित्येक महिने आधी छापूनही आला होता. फेब्रुवारी १९९७ मध्ये ज्यूरीने सिम्पसन यांना जबाबदार धरले; एकूण भरपाई ३ कोटी ३५ लाख डॉलर. उलटतपासणीत आवाज चढवण्यापेक्षा आधीचे शपथेवरचे उत्तर घट्ट बांधून घेण्यात किती ताकद असते, हे इथे दिसते.

न्यायालयाबाहेर बोलण्यावर बंधने आहेत. खटल्यावर गंभीर परिणाम होण्याचा दाट संभव असलेली विधाने वकिलाने करू नयेत, हा दंडक अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या जेंटाइल खटल्यात मान्य केला. मात्र नेव्हाडाचा नियम संदिग्ध असल्याने त्या वकिलावरील कारवाई रद्द केली. फीचेही नियम आहेत. भरपाईच्या दाव्यात मिळालेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा घेता येतो. फौजदारी खटल्यात निकालावर अवलंबून फी घेता येत नाही. खटला संपण्याआधी अशिलाच्या कहाणीचे हक्क स्वतःच्या नावावर करून घेण्यालाही मनाई आहे आणि ती योग्यच आहे. नाहीतर खटला जितका रंगेल तितका वकिलाचा फायदा, असे होऊन बसेल.

बदनामीचे दावे

प्रसिद्ध व्यक्तीला अमेरिकेत बदनामी सिद्ध करणे मुद्दाम अवघड ठेवले आहे. मजकूर खोटा आहे हे माहीत असून, किंवा खरे-खोटे पाहण्याची बेफिकिरी करून तो छापला, हे दाखवावे लागते. १९६४ मध्ये सार्वजनिक अधिकाऱ्यांसाठी घालून दिलेली ही कसोटी १९६७ मध्ये प्रसिद्ध व्यक्तींनाही लागू झाली. त्या निकालातले एक फिर्यादी जॉर्जिया विद्यापीठाचे क्रीडा संचालक वॉली बट्स होते. सामना आधीच ठरवल्याचा आरोप एका साप्ताहिकाने त्यांच्यावर केला होता. बट्स जिंकले, कारण साप्ताहिकाने साधी पडताळणीही केली नव्हती. अभिनेत्री कॅरोल बर्नेट यांना १९८१ मध्ये ज्यूरीने १६ लाख डॉलर दिले; न्यायाधीशांनी ती रक्कम निम्म्यावर आणली आणि अपिलात ती आणखी घटून २ लाखांवर आली. अशिलाला हे उतरते आकडे आधीच समजावून सांगणे हे चांगल्या वकिलाचे काम.

मंच बदलला की निकाल बदलू शकतो. जॉनी डेप २०२० मध्ये लंडनमध्ये एकट्या न्यायाधीशापुढे एका वृत्तपत्राविरुद्ध हरले. २०२२ मध्ये व्हर्जिनियात सात जणांच्या ज्यूरीपुढे अँबर हर्ड यांच्याविरुद्ध बहुतांशी जिंकले. प्रतिवादी वेगळे, कायदा वेगळा आणि व्हर्जिनियातले कामकाज जगभर थेट दिसत होते. ज्यूरीला बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवलेले नसताना असे प्रक्षेपण चालू द्यावे का, ही शंका रास्त आहे.

आणि अशीलच खोटे बोलत असेल तर? सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांनी उत्तेजकांविषयी लिहिल्याबद्दल लंडनच्या 'संडे टाइम्स'वर दावा लावून २००६ मध्ये तडजोडीत पैसे मिळवले. २०१३ मध्ये त्यांनी स्वतःच कबुली दिली आणि पैसे परत करण्याची वेळ आली. खोटी साक्ष जाणूनबुजून पुढे करण्यास वकिलाला बंदी आहे. पण मोठ्या नावाच्या शब्दावर विसंबण्याचा मोह उघड लबाडीपेक्षा जास्त घात करतो.

खेळाडूचा वेळ

खेळाडूची कारकीर्द आखूड असते. इतरांना जो विलंब नुसता त्रासाचा, तो खेळाडूला हरण्यासारखाच. बेसबॉलपटू कर्ट फ्लड यांनी १९६९ मध्ये संघबदल नाकारला आणि १९७० च्या जानेवारीत खेळाडूला संघाशी कायमचे जखडणाऱ्या कलमाविरुद्ध दावा लावला. त्यांचे वकील आर्थर गोल्डबर्ग सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश होते. साक्षीला निवृत्त बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन आले. त्या काळात खेळणारा एकही खेळाडू फिरकला नाही. १९७२ मध्ये फ्लड ५ विरुद्ध ३ मतांनी हरले. ते कलम १९७५ मध्ये लवादाच्या निर्णयाने मोडले, तेव्हा त्यांची कारकीर्द केव्हाच संपली होती.

याउलट बास्केटबॉलपटू स्पेन्सर हेवूड यांच्या वकिलांनी त्यांच्या खेळण्यावरील बंदीविरुद्ध अंतरिम हुकूम मिळवला. त्यामुळे खटला चालू असताना ते खेळत राहिले आणि मार्च १९७१ मध्ये अपील न्यायालयाने थांबवलेला तो हुकूम सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केला. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांची लष्करभरती नाकारल्याबद्दलची शिक्षा त्याच वर्षी जूनमध्ये ८ विरुद्ध ० मतांनी रद्द झाली. पण लढतींचा परवाना त्यांना त्याआधीच, सप्टेंबर १९७० मध्ये, न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने परत मिळवून दिला होता. वकिलांनी मुष्टियुद्ध आयोगाचे जुने दप्तर धुंडाळले, तेव्हा खून, बलात्कार, लष्करातून पळून जाणे अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांनाही परवाने दिलेले आढळले. मग अलींनाच का नाही, या प्रश्नाला आयोगाकडे उत्तर नव्हते.

आज अशा तंट्यांचा मोठा भाग स्वित्झर्लंडमधील लोझान येथील, १९८४ मध्ये स्थापन झालेल्या क्रीडा लवाद न्यायालयात जातो. तिथे ज्यूरी नसते. साधारणतः तीन लवाद असतात. ऑलिंपिकच्या वेळी त्याचा खास कक्ष चोवीस तासांत निर्णय देण्याच्या बेताने काम करतो. धावपटू द्युती चंद यांच्या वतीने टोरांटोचे जेम्स बंटिंग यांनी विनामोबदला बाजू मांडली आणि जुलै २०१५ मध्ये महिला खेळाडूंच्या टेस्टोस्टेरॉनविषयीचे नियम लवादाने स्थगित केले. द्युती पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये धावल्या.

खेळाडू फिर्यादी असताना

मुलींवर लैंगिक अत्याचार करणारा अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्या शिक्षेच्या सुनावणीत जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक मुली व स्त्रियांची निवेदने झाली. पहिली जाहीर तक्रार करणारी माजी जिम्नॅस्ट स्वतः वकील होती. पण नासर तुरुंगात गेल्याने ज्या संस्थांनी तक्रारी दाबल्या त्या सुटत नव्हत्या. जॉन मॅन्ली आणि इतर वकिलांनी लावलेल्या दिवाणी दाव्यांतून मिशिगन स्टेट विद्यापीठाने २०१८ मध्ये ५० कोटी डॉलर, तर जिम्नॅस्टिक्स महासंघ, ऑलिंपिक समिती आणि त्यांच्या विमा कंपन्यांनी २०२१ मध्ये ३८ कोटी डॉलर मान्य केले. या फिर्यादींतल्या बहुतेकींची नावे कुणाला ठाऊक नव्हती.

महाविद्यालयीन खेळाडूंची लढाई अधिक लांबली. बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यांनी एका व्हिडिओ गेममध्ये परवानगी न घेता वापरलेली स्वतःचीच प्रतिमा पाहिली आणि २००९ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा संघटनेवर दावा लावला. ओकलंडच्या न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी २०१४ मध्ये मुख्य मुद्द्यावर त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०२१ मध्ये अल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालय एकमताने खेळाडूंच्या बाजूने गेले. जून २०२५ मध्ये विल्केन यांनीच सुमारे २८० कोटी डॉलरची तडजोड मंजूर केली. स्टीव्ह बर्मन आणि जेफ्री केसलर हे त्यातले प्रमुख वकील. त्या तडजोडीनुसार अमेरिकी विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना प्रथमच थेट पैसे देता येतात.