डॉक्टर हू (पुनरुज्जीवन)

डॉक्टर हू (पुनरुज्जीवन) : बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकाल्पनिक मालिकेचे २००५ साली झालेले पुनरागमन. १९६३ ते १९८९ या काळात मालिकेचे २६ सीझन झाले. त्यानंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ ती बंद होती आणि २६ मार्च २००५ रोजी पुन्हा सुरू झाली. जुनी, लोकांच्या मनात घर केलेली मालिका पुन्हा काढावी की तिला तिच्या जागी राहू द्यावे, हा वाद निघाला की हे उदाहरण हमखास पुढे येते. हे पुनरुज्जीवन सार्थ ठरले. मालिका ज्यांनी कधी पाहिलीच नव्हती, त्यांच्यासाठी ती लिहिली गेली, हे त्याचे मुख्य कारण.

मूळ मालिका : पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी दाखवला गेला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. त्या गदारोळात भागाकडे पुरेसे लक्ष गेले नाही, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवावा लागला. मालिकेमागे पुढाकार सिडनी न्यूमन यांचा, निर्मिती व्हेरिटी लॅम्बर्ट यांची आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांचे. लॅम्बर्ट आणि हुसेन दोघेही तेव्हा तिशीच्या आतले होते.

नायक परग्रहावरचा कालप्रवासी. त्याला नाव नाही, फक्त ‘डॉक्टर’ ही ओळख. त्याचे यान, टार्डिस, बाहेरून रस्त्याकडेच्या निळ्या पोलीस बॉक्सएवढे (पोलिसांना फोन करण्याची छोटी खोली) आणि आतून अवाढव्य. १९६६ मध्ये पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा लेखकांनी नायकाचा कायापालट घडवला. जुना देह संपतो, नवा येतो, माणूस तोच राहतो. अडचणीतून काढलेली ही पळवाट पुढे मालिकेचा प्राण झाली. बदल हा कथेचाच नियम होऊन बसल्यामुळे नवा चेहरा, नवा स्वभाव, नवा सूर प्रेक्षकाला परका वाटत नाही. इतर फार थोड्या मालिकांना हे भाग्य लाभले. १९७८ ची ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ २००३ मध्ये पुन्हा उभी करताना सगळा पायाच नव्याने घालावा लागला होता (तेही काम उत्तम झाले, पण तो वेगळा मार्ग).

ऐंशीच्या दशकात मालिकेला उतरती कळा लागली. १९८५ मध्ये ती अठरा महिने थांबवली गेली. पुढे तिची वेळ ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या अफाट लोकप्रिय मालिकेसमोर लावण्यात आली. ६ डिसेंबर १९८९ च्या भागानंतर पुढचा सीझन आलाच नाही.

फसलेला प्रयत्न : १९९६ मध्ये पॉल मॅगन यांना डॉक्टरच्या भूमिकेत घेऊन एक दूरचित्रपट निघाला. त्यातून अमेरिकेत नवी मालिका उभी राहील, ही आशा होती. ब्रिटनमध्ये प्रेक्षक मिळाले, अमेरिकेत मिळाले नाहीत. मॅगन यांचे काम चांगले होते. घोटाळा मांडणीत होता. सुरुवातीलाच निवेदनातून जुने शत्रू आणि जुनी वैरे कानावर पडतात, मग आधीचा डॉक्टर येतो, तो मरतो आणि तेव्हा कुठे नवा डॉक्टर दिसतो. जाणकार खूश झाले, नवख्याला मात्र दारातच वंशावळ पाठ करायला लावल्यासारखे झाले.

मधल्या वर्षांत कादंबऱ्या आणि ध्वनिनाट्ये निघत राहिली. ही नुसती चाहत्यांची हौस नव्हती, उद्याचे लेखक तिथेच घडत होते. पॉल कॉर्नेल यांच्या १९९५ च्या कादंबरीवर २००७ मध्ये दोन भाग झाले, आणि पुनरुज्जीवन ज्यांनी घडवले त्या रसेल टी. डेव्हिस यांनीही मालिकेवर एक कादंबरी लिहिली होती.

पुनरागमन : सप्टेंबर २००३ मध्ये घोषणा झाली. निर्मिती बीबीसी वेल्सकडे, म्हणजे लंडनऐवजी कार्डिफला गेली. ‘रोझ’ या पहिल्या भागाची सुरुवात बारकाईने पाहण्यासारखी आहे. घड्याळाचा गजर होतो, रोझ नावाची एकोणीस वर्षांची मुलगी उठते, मोठ्या दुकानातल्या नोकरीवर जाते. संध्याकाळी ती तळघरात उतरते. कपड्यांच्या दुकानातले पुतळे हलू लागतात, तिला भिंतीपर्यंत रेटतात, आणि अचानक कुणाचा तरी हात तिचा हात धरतो. एकच शब्द : पळ! डॉक्टर कथेत येतो तो असा. तो कोण, कुठला, याआधी काय काय घडले, यातले काहीही तोवर सांगितलेले नाही. रोझला जेवढे कळते तेवढेच आपल्याला कळते.

हे पुतळे १९७० च्या एका कथेतून आलेले. त्या वेळी ते दुकानाच्या काचा फोडून बाहेर पडतात, पण काच फुटताना दिसत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. खरी काच फोडणे तेव्हा परवडणारे नव्हते. २००५ मध्ये काच डोळ्यांदेखत फुटली. जुन्या चाहत्यांनी पस्तीस वर्षे मनात फोडलेली ती काच होती, आणि तो संदर्भ ठाऊक नसलेल्या मुलाचेही त्यामुळे काही अडले नाही. पुनरुज्जीवन कसे करावे, हे या एका दृश्यात दिसते.

पहिल्या भागाला एक कोटीहून अधिक प्रेक्षक लाभले. डॉक्टर झालेले ख्रिस्तोफर एकल्स्टन एकाच सीझननंतर बाहेर पडणार, ही बातमी काही दिवसांतच आली, पण डेव्हिड टेनंट आले आणि मालिका डगमगली नाही. कायापालटाचा नियम कामी आला. २००६ मध्ये सर्वोत्तम नाट्यमालिकेचा बाफ्टा पुरस्कार मिळाला.

डेव्हिस यांची सर्वांत धाडसी चाल म्हणजे ‘कालयुद्ध’. मधल्या काळात पडद्याआड एक महायुद्ध झाले, डॉक्टरचा ग्रह नष्ट झाला, तो आपल्या जातीचा शेवटचा उरला. एका झटक्यात २६ सीझनचे ओझे उतरले आणि नायकाला खोल दुःख मिळाले. त्याच सीझनमधला एकटा, साखळदंडात जखडलेला डॅलेक (डॉक्टरचा जुना शत्रू, धातूच्या कवचातला परग्रहवासी) याच धाग्यातला. डॅलेक जिना चढू शकत नाही, ही ब्रिटनमधली जुनी थट्टा. इथे एक पात्र तीच थट्टा करते, आणि पुढच्या क्षणी डॅलेक शांतपणे जमिनीवरून वर उचलला जातो. हसणारे प्रेक्षक गप्प झाले.

आक्षेप : जुनी मालिका साधारण पंचवीस मिनिटांच्या तुकड्यांत, आठवडे आठवडे उत्कंठा ताणत चाले. नवीन भाग पंचेचाळीस मिनिटांत गोष्ट संपवतात, त्यामुळे शेवट पुष्कळदा घाईत उरकला जातो. हा आक्षेप रास्त आहे. डॉक्टरच्या कथेत प्रेमभावना आली, ही तक्रार तितकी पटत नाही. तिच्यामुळेच सोबतच्या माणसाला स्वतःचे घर, आई आणि रुसवेफुगवे मिळाले.

नंतरची घसरण मात्र नाकारता येत नाही. २०१८ मध्ये जोडी व्हिटेकर पहिल्या स्त्री डॉक्टर झाल्या. त्याच सीझनमध्ये विनय पटेल यांनी लिहिलेली फाळणीची कथा आली. १९४७ च्या ऑगस्टमधल्या एका हिंदू-मुस्लिम लग्नाभोवती फिरणारी ही कथा समजायला मालिकेचा इतिहास लागत नाही, म्हणूनच ती थेट भिडते. याउलट २०२० मध्ये डॉक्टरच्या जन्माचे मूळच बदलणारी कथा आली. तिचा आनंद किंवा संताप फक्त जुन्या प्रेक्षकांनाच होऊ शकत होता. १९९६ ची चूक वेगळ्या रूपात परतली होती. परदेशातल्या प्रसारणासाठी २०२२ मध्ये डिस्नेशी झालेला करार २०२५ मध्ये संपला. मालिका पुढे चालू राहील, असे बीबीसीने तेव्हा सांगितले.

जुन्या मालिकेवरील परिणाम : सुरुवातीच्या काळातले बरेच भाग बीबीसीने स्वतःच पुसून टाकले होते. नव्वदहून अधिक भागांचे चित्रण आजही हरवलेले आहे. आवाज मात्र सर्व भागांचा उपलब्ध आहे, कारण घरोघरी काही प्रेक्षकांनी टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर ठेवून तो जपला. पुनरागमनानंतर या ध्वनिफितींवर अॅनिमेशन करून हरवलेल्या कथा पुन्हा उभ्या केल्या जाऊ लागल्या. २०१३ मध्ये नायजेरियात सापडलेले नऊ भाग जाहीर झाले, आणि १९६६ मधली, पहिल्या कायापालटानंतरची कथा २०१६ मध्ये, बरोबर पन्नास वर्षांनी, पुन्हा पाहता आली. दुसरे डॉक्टर पॅट्रिक ट्रॉटन यांचा तोच मूळ आवाज, रेखाटलेल्या चेहऱ्यातून.