टप्प्याटप्प्याने रोख वाटप (भागीदारी विसर्जन)

भागीदारी संस्थेचे विसर्जन झाल्यावर तिची मालमत्ता जसजशी विकली जाईल आणि येणी जसजशी वसूल होतील, तसतशी हाती येणारी रोकड आधी धनकोंना व मग भागीदारांना वाटण्याची लेखापद्धती. क्रमशः वाटप, हप्त्याहप्त्याने वाटप असेही म्हणतात. साध्या विसर्जनात वसुली खाते (मालमत्तेची विक्री आणि तिच्यातला नफा-तोटा ज्यात मांडतात ते खाते) एकाच दिवशी बंद होते आणि तोटा किती झाला ते तिथल्या तिथे कळते. प्रत्यक्षात असे क्वचितच घडते. माल हंगामाशिवाय उठत नाही, उधारी वर्षभर रेंगाळते, गाळ्याचा किंवा जमिनीचा व्यवहार दाव्यात अडकतो. अंतिम तोटा ठाऊक नसताना आज आलेली रक्कम कोणाला किती द्यावी, हा या पद्धतीपुढचा खरा प्रश्न आहे. एकदा दिलेले पैसे कोणाही भागीदाराकडून परत मागावे लागू नयेत, या एका कसोटीवर तिचे सगळे नियम उभे आहेत. त्यासाठी प्रत्येक हप्ता हा शेवटचाच हप्ता आहे असे धरून हिशेब करतात.

उगम : भागीदारीच्या हिशेबाचा भारतीय धर्मशास्त्रातील विचार ‘संभूयसमुत्थान’ (एकत्र येऊन केलेला उद्योग) या व्यवहारपदाखाली, म्हणजे वादविषयाखाली, येतो. कौटिलीय अर्थशास्त्र, याज्ञवल्क्यस्मृती, नारदस्मृती आणि बृहस्पतीच्या नावावरील वचने यांत तो आढळतो. याज्ञवल्क्याने व्यापाऱ्यांच्या समवायातील लाभ आणि हानी घातलेल्या द्रव्याप्रमाणे किंवा आपसांतील कराराप्रमाणे वाटावी असे सांगितले आहे. नारद खर्च, तूट व वाढ या तिन्ही गोष्टी अंशाला बांधून टाकतो. याज्ञवल्क्यस्मृतीच्या काळाबद्दल एकमत नाही. धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे तिला साधारणतः तिसऱ्या शतकापुढे नेत नाहीत, तर त्याच विषयाचे अभ्यासक पॅट्रिक ऑलिव्हेल यांचा कल गुप्तकाळाकडे आहे. स्मृतीतील व्यवहारविषयाची बांधीव मांडणी पाहता दुसरे मत अधिक पटणारे वाटते; मात्र संभूयसमुत्थानाचा नियम स्मृतीच्या रचनेपेक्षा जुना असू शकतो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे, की ‘द्रव्याप्रमाणे’ आणि ‘कराराप्रमाणे’ ही दोन्ही प्रमाणे तेथे शेजारी शेजारी मान्य झाली आहेत. ती दोन्ही एकच असतील तर टप्प्याटप्प्याच्या वाटपात काहीच अडचण येत नाही. ती वेगळी झाली, म्हणजे भांडवल एका प्रमाणात व नफा दुसऱ्या प्रमाणात असला, की आजचा सगळा गुंता सुरू होतो.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (सु. ११५०) प्रक्षेपगणिताखाली (घातलेल्या धनाच्या प्रमाणात वाटणीच्या गणिताखाली) तीन व्यापाऱ्यांचे उदाहरण आहे. ५१, ६८ व ८५ अशी मूळ धने, एकत्र व्यापारानंतर एकूण ३००. उत्तर ७५, १०० व १२५. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखामुळे भास्कराचार्यांच्या घराण्याचा खानदेशाशी संबंध सिद्ध झाला असल्याने या उदाहरणाचा उल्लेख मराठी वाणिज्यलेखनात आपुलकीने होतो. त्यात क्रमशः वाटपाचे बीज पाहणे मात्र ताणाचे ठरेल, कारण तेथे वाटायची रक्कम पूर्ण व निश्चित आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या इटालियन गणिती लूका पाचोली यांच्या ग्रंथातील भागीदारीच्या उदाहरणांबद्दलही तेच म्हणता येईल. अपूर्ण वसुलीवर सावधपणे वाटप करण्याचे तंत्र इंग्लंड-अमेरिकेतील व्यावसायिक लेखापालांच्या वर्गाबरोबर, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी, पक्के झाले असावे.

कायदा : भारतात भागीदारीचे नियम आधी १८७२ च्या करार अधिनियमात (प्रकरण ११, कलमे २३९ ते २६६) होते. ते रद्द करून भारतीय भागीदारी अधिनियम १९३२ करण्यात आला. त्याच्या मसुद्याची छाननी करणाऱ्या विशेष समितीत मुंबईचे विधिज्ञ दिनशा मुल्ला होते. हिशेब मिटवण्याचा क्रम कलम ४८ मध्ये आहे आणि भागीदारांमध्ये वेगळा करार नसेल तेव्हाच तो लागतो. तोटा, त्यात भांडवलाची तूटही आली, प्रथम नफ्यातून, मग भांडवलातून आणि शेवटी भागीदारांनी नफ्याच्या प्रमाणात स्वतः भरून द्यायचा असतो. मालमत्तेतून आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी भांडवलाखेरीज दिलेली कर्जे, मग भांडवल आणि काही उरलेच तर ते नफ्याच्या प्रमाणात, असा उतरता क्रम आहे. हे कलम १८९० च्या इंग्लिश कायद्यातील कलम ४४ शी जवळजवळ जुळते.

पाठ्यपुस्तकांत शासकीय देणी व कामगारांची देणी ‘अग्रहक्काची’ म्हणून इतर धनकोंच्या आधी दाखवतात. हा अग्रक्रम कलम ४८ मधला नाही. तो नादारीच्या (दिवाळखोरीच्या) कायद्यांतून, म्हणजे मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांपुरता १९०९ च्या आणि इतरत्र १९२० च्या अधिनियमातून आला आहे. त्यामुळे संस्था सर्व देणी फेडू शकत असेल तेव्हा तो केवळ आधी-नंतरचा प्रश्न राहतो. तारण असलेल्या धनकोचे पैसे त्या तारणाच्या विक्रीतून जातात. रक्कम कमी पडल्यास उरलेल्या देण्यापुरता तो बिनतारणी धनकोंच्या रांगेत येतो.

पद्धती : भागीदारांपर्यंत रोकड पोचल्यावर दोन रीती वापरतात. महाराष्ट्रातील विद्यापीठीय अभ्यासक्रमांत अतिरिक्त भांडवल पद्धतीवर भर असतो. तीत प्रत्येकाचे भांडवल त्याच्या नफ्याच्या भागाने भागतात, सर्वांत लहान भागाकार पाया धरतात आणि तो पाया ज्याच्या-त्याच्या नफ्याच्या भागाने गुणून येणाऱ्या रकमेहून ज्याचे भांडवल जास्त भरेल त्याला ते जास्तीचे आधी देतात. दुसरी कमाल तोटा पद्धत. तीत न विकलेल्या मालमत्तेचे पुढे काहीच येणार नाही असे धरून तो संपूर्ण तोटा भागीदारांच्या भांडवलातून वजा करतात व उरलेल्या शिलकीएवढीच रोकड देतात.

समजा अ, ब, क या भागीदारांचे भांडवल अनुक्रमे ९०,०००, ५०,००० व २०,००० रुपये आहे आणि नफ्याचे प्रमाण ३:२:१ आहे. धनकोंचे ४०,००० आणि अ ने संस्थेला दिलेले कर्ज १०,००० रुपये आहे. हाती ५,००० रोख असून ती वसुलीखर्चासाठी राखली व तेवढाच खर्च झाला. बाकी मालमत्ता पुस्तकी किमतीने २,०५,००० रुपयांची. भागाकार ३०,०००, २५,००० व २०,००० येतात. २०,००० हा पाया धरला की अ चे ३०,००० व ब चे १०,००० जास्तीचे ठरतात. या जास्तीच्या भांडवलांची पुन्हा त्याच रीतीने तुलना केली की अ चे १५,००० निव्वळ जास्त निघतात. म्हणून भांडवलाच्या परतफेडीत पहिले १५,००० फक्त अ ला, पुढचे २५,००० अ व ब ना ३:२ ने आणि त्यानंतरचे सर्व तिघांना ३:२:१ ने जायचे.

वसुली ४५,०००, ३०,०००, ४५,००० व ३०,००० अशी चार हप्त्यांत झाली. पहिल्या हप्त्यात धनको फिटले आणि अ च्या कर्जापैकी ५,००० गेले. दुसऱ्यात कर्जाचे उरलेले ५,००० दिल्यावर २५,००० राहिले. त्यांतून अ ला २१,००० व ब ला ४,००० मिळाले, क ला काहीच नाही. तिसऱ्यात अ ला २४,०००, ब ला १६,००० व क ला ५,०००. चौथ्यात १५,०००, १०,००० व ५,०००. भांडवलापोटी एकूण ६०,०००, ३०,००० व १०,००० हातात पडले. खर्चासह तोटा ६०,००० झाला. तो ३:२:१ ने भांडवलातून वजा केला तरी हेच आकडे येतात.

दुसऱ्या हप्त्याचे २५,००० भांडवलाच्या प्रमाणात वाटले असते तर क ला ३,१२५ रुपये मिळाले असते. त्यानंतर मालमत्तेचे काहीच आले नसते तर १,३५,००० च्या तोट्यातील त्याचा वाटा २२,५०० झाला असता. म्हणजे २०,००० भांडवलावर २,५०० ची तूट आणि वर घेतलेले ३,१२५, असे ५,६२५ रुपये त्याला परत आणावे लागले असते. तो नादार निघाला तर हा भार अ आणि ब वर पडला असता. क ला थांबायला सांगणे नवशिक्याला अन्यायाचे वाटते, पण त्याच्यावर अविश्वास दाखवण्यासाठी हा नियम नाही. त्याचे भांडवल मोठा तोटा सोसायला पुरे पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

गार्नर विरुद्ध मरे : वरच्याच दुसऱ्या हप्त्याला कमाल तोटा पद्धत लावली तर अ ची शिल्लक २२,५००, ब ची ५,००० आणि क ची उणे २,५०० येते. क ची ही तूट अ व ब नी कोणत्या प्रमाणात सोसायची यावर विद्वानांत मतभेद आहेत. नफ्याच्या ३:२ प्रमाणात सोसली तर २१,००० व ४,००० हे वरचेच आकडे मिळतात. भांडवलाच्या ९:५ प्रमाणात सोसली तर अ ला सुमारे २०,८९३ व ब ला ४,१०७ जातात.

भांडवलाच्या प्रमाणाचा आधार म्हणजे इंग्लंडमध्ये न्यायमूर्ती जॉइस यांनी दिलेला, १९०४ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेला निकाल. गार्नर, मरे व विल्किन्स हे समान नफ्याचे भागीदार होते. गार्नरचे भांडवल २,५०० पौंड, मरेचे ३१४. विल्किन्सच्या खात्यावर २६३ पौंड उलट येणे होते आणि तो नादार होता. वसुलीची तूट ६३५ पौंड आली. तूट व विल्किन्सचे बुडीत येणे मिळून ८९८ पौंड दोघांत निम्मेनिम्मे वाटले असते तर मरेला सगळे भांडवल गमावून वर आणखी १३५ पौंड भरावे लागले असते. न्यायालयाने तसे केले नाही. वसुलीच्या तुटीतील आपापला तिसरा हिस्सा प्रत्येकाने भरल्याचे धरायचे आणि मग उपलब्ध रक्कम भांडवलाच्या प्रमाणात वाटायची, असे ठरले. या हिशेबाने मरेला भरावे तर लागत नाहीच, उलट सुमारे ४९ पौंड मिळतात. एका प्रमाणाच्या बदलाने भरणारा घेणारा होतो.

भारतात कलम ४८ चे शब्द त्याच इंग्लिश कलमावर बेतलेले असल्याने करार नसेल तर हा निकाल लावावा असे अनेक लेखक मानतात. भांडवल स्थिर असेल तर मूळ भांडवल, बदलते असेल तर राखीव निधी व मागील नफा-तोटा जमेस धरून पण वसुलीचा तोटा धरण्यापूर्वीचे भांडवल, असा तपशीलही ते देतात. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की नादार भागीदाराची तूट हाही व्यवसायाचाच तोटा आहे, तेव्हा तो नफ्याच्याच प्रमाणात जायला हवा. क्रमशः वाटपापुरता हा दुसरा पक्ष सोयीचा वाटतो. या टप्प्यावर कोणीही प्रत्यक्ष नादार झालेला नसतो, तूट केवळ कल्पिलेली असते. आणि अतिरिक्त भांडवल पद्धतीशी मेळ याच रीतीने बसतो. सर्वांची खाती शेवटी जमेत राहिली तर दोन्ही रीतींनी प्रत्येकाची एकूण रक्कम सारखीच येते, फरक फक्त कोणाला किती आधी मिळते एवढाच असतो.

इतर बाबी : भागीदाराचे कर्ज भांडवलाआधी फिटते. पण त्याच भागीदाराचे भांडवल संभाव्य तोट्याने उणे होण्याची शक्यता असेल तर तेवढे कर्ज रोखून धरणे शहाणपणाचे असते. संस्थेच्या लाभांत सामील केलेला अज्ञान (वयाने सज्ञान नसलेला) कलम ३० नुसार व्यक्तिशः जबाबदार नसतो. त्याच्याकडून तूट भरून घेता येत नसल्याने अशा संस्थेत वाटपाचा क्रम अधिकच काटेकोरपणे पाळावा लागतो. वटवलेल्या हुंड्या आणि चालू दावे यांसाठी रक्कम राखून ठेवतात व मुदत सरल्यावर ती पुढच्या हप्त्यात मिळवतात. एखाद्या भागीदाराने वस्तूच घेतली तर तिची ठरलेली किंमत त्याला मिळालेला हप्ता मानतात.

वाटपाचे तक्ते हे मुख्यतः टिपणस्वरूप असतात. खातेवहीत नोंद होते ती प्रत्यक्ष दिलेल्या रकमेची, आणि वसुली खात्याचा तोटा अखेरच्या हप्त्यानंतरच भांडवल खात्यांवर जातो. विसर्जनाची जाहीर नोटीस देईपर्यंत भागीदारांची तिऱ्हाइतांप्रती जबाबदारी चालू राहते (कलम ४५). नोंदणीकृत संस्थेबाबत ही नोटीस निबंधकाला, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या देशी भाषेतील एका तरी वृत्तपत्रात द्यावी लागते. मर्यादित दायित्व भागीदारीला १९३२ चा अधिनियम लागू नाही. तिची गुंडाळणी २००८ च्या स्वतंत्र अधिनियमाने होते.