कुत्र्याला कॅन्सरची गाठ: उपचाराआधी हे वाचा

आमच्या दुकानात गाई-बैलांची औषधं न्यायला आलेली माणसं जाता जाता विचारतात, "आमच्या मोत्याला गाठ आली, वरून लावायला काही द्या." डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला असेल, तर विचारतात, "आता काही होत नाही ना त्याचं?" पुष्कळदा होतं. रात्रभर वावरात आपल्यासोबत जागल करणाऱ्या, रानडुकरांवर धावून जाणाऱ्या या जीवाला उपचाराविना सोडू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून हे पत्रक.

आधी गाठ कोणती ते कळू द्या

बैलाच्या शिंगाचा कॅन्सर आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. वेळेत शिंग काढलं, तर बैल वाचतो. कुत्र्यांमध्येही काही गाठी इंजेक्शनने जातात, काही कापून काढाव्या लागतात आणि काहींना फक्त थोपवून धरता येतं. नुसतं बघून हे ठरत नाही. डॉक्टर बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून काचपट्टीवर तपासतात. त्याला बहुतेक वेळा भूलही लागत नाही. कापलेला तुकडा तपासायचा असेल, तर तो १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवावा लागतो. पाण्यात किंवा बर्फात आणलेला तुकडा खराब होतो. फॉर्मेलिनची बाटली आमच्याकडून न्या, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांची गाठ

गावात मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत ही गाठ फार दिसते. डॉक्टर तिला टीव्हीटी म्हणतात. कुत्रा-कुत्री लागताना ती एकाकडून दुसऱ्याला जाते. हुंगण्या-चाटण्यातून कधी नाकात, तोंडातही होते. माणसाला मात्र होत नाही.

कुत्र्याच्या लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडतात, तो सारखा चाटत बसतो. घरचे म्हणतात, उन्हाळी लागली, आणि धन्याचं पाणी पाजतात. कुत्रीचं रक्त दिसलं की माजावर आली समजतात. माजाचं रक्त साधारण आठ-दहा दिवसांत ओसरू लागतं. महिना उलटूनही थेंब पडत असतील, तर तपासून घ्या. उशीर झाला की माशा बसतात, किडे पडतात. मग लोक फक्त किड्यांचा स्प्रे मागतात आणि आतली गाठ वाढतच राहते.

वाईट दिसत असली, तरी ही गाठ बहुतेक कुत्र्यांत पूर्ण बरी होते. व्हिन्क्रिस्टिन नावाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा शिरेतून देतात, साधारण चार ते सहा वेळा. दर वेळी आधी रक्त तपासतात, कारण या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होतात. ते शिरेबाहेर सांडलं, तर तिथलं मांस सडतं. म्हणून हे इंजेक्शन डॉक्टरांकडूनच घ्यायचं. गावातल्या कुणाकडून टोचून घेऊ नका, चिठ्ठी नसेल तर आम्ही ते देणारही नाही.

दुसऱ्या इंजेक्शनानंतर रक्त थांबतं, गाठ आटते आणि माणसं येणं बंद करतात. सोयाबीनची सवंगणी असते, कापूस वेचायचा असतो, ते आम्हालाही दिसतं. पण गाठ उरली, तर ती पुन्हा वाढते, आणि तेव्हा तेच औषध लागू पडेलच असं नाही. डॉक्टर "आता पुरे" म्हणेपर्यंत आणा. इंजेक्शनानंतर काही दिवस लघवी-विष्ठा हातमोजे घालून उचला. घरात गरोदर बाई असेल, तर तिला हे काम देऊ नका.

इतर गाठी

कुत्रीच्या स्तनांतल्या गाठींपैकी जवळपास निम्म्या कॅन्सरच्या निघतात. हरभऱ्याएवढी असतानाच काढून घ्या. त्याआधी छातीचा एक्स-रे काढतात, कारण हा रोग फुप्फुसात जातो. पहिल्या माजाआधी नसबंदी केलेल्या कुत्रीला ही गाठ क्वचितच होते.

जबड्याखाली आणि मागच्या गुडघ्यांमागे दोन्ही बाजूंना गाठी आल्या, तर लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची, शंका घ्यावी. तो सहसा मुळातून जात नाही, पण केमोथेरपीने (कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या औषधांनी) कित्येक कुत्रे वर्षभर चांगले जगतात. इथे प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या तपासणीआधीच सुरू केल्या, तर गाठी तात्पुरत्या उतरतात, निदान चुकतं आणि पुढची केमो नीट लागू पडत नाही. म्हणून या गोळ्याही आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही, कृपया आग्रह करू नका.

घरी काय टाळायचं

गाठीवर बिब्बा लावू नका, डागणी देऊ नका. दोन्हींनी जखम होते, गाठ तिथेच राहते. दुखतं म्हणून आपल्या घरातली कॉम्बिफ्लाम, पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका. कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो, यकृत-मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. खात नसेल, तर उकडलेलं अंडं, कोंबडीचं मटण कोमट करून द्या. कांदा-लसणाचा रस्सा नको.

ज्या कुत्र्याला बरं करणं हाताबाहेर गेलं आहे, त्याच्या वेदना कमी करण्याची औषधंही असतात. दयामरणाबद्दल डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. त्यात लाज नाही.

कुठे न्यायचं

आधी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. मोठी शस्त्रक्रिया किंवा केमो लागली, तर १९५८ पासून चालू असलेलं नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वऱ्हाडातल्या लोकांना अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था जवळ पडते. मे महिन्यात न्यायचं असेल, तर पहाटे निघा, गाडीत पाणी आणि ओलं पोतं ठेवा, बंद गाडीत त्याला एकटं सोडू नका. तोंडाला मुस्की, गळ्यात पट्टा हवा. जुन्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट आणि गाठ पहिल्यांदा दिसली तेव्हाचा मोबाइलमधला फोटो सोबत न्या.