गोळी कोणत्या वयात सुरू झाली?

दवाखान्यात पंचविशीच्या मुलाला डॉक्टर विचारतात, 'घरात कुणाला बीपी?' तो म्हणतो, 'हो, आईबाबा दोघांनाही.' केसपेपरवर तेवढी नोंद होते. माझ्या मते खरा प्रश्न इथेच राहून जातो: त्यांना बीपी लागलं तेव्हा त्यांचं वय काय होतं?

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. कॅरोलाइन बेडेल थॉमस यांनी १९४०च्या दशकात एक चिकाटीचं काम सुरू केलं. डॉक्टरकी शिकणाऱ्या धडधाकट मुलांच्या तपासण्या करायच्या, आईवडिलांच्या आजारांची नोंद ठेवायची आणि पुढे आयुष्यभर त्यांची खबर घेत राहायची. त्यांपैकी ११६० पुरुषांचा हिशेब २००८ मध्ये मांडला गेला. ज्यांच्या आई आणि वडील दोघांनाही पंचावन्नच्या आत रक्तदाब लागला होता, त्यांना तो लागण्याचा धोका, आईवडिलांपैकी कुणालाच रक्तदाब नसलेल्यांच्या तुलनेत, आयुष्यभरात सुमारे सहापट निघाला आणि पस्तिशीपर्यंतचा धोका तर वीसपट. पस्तिशीच्या आत रक्तदाब मुळात फार थोड्यांना होतो, त्यामुळे 'वीसपट' ऐकून दचकू नका. पण दुर्लक्ष करण्याजोगा हा आकडा नाही. सत्तरीत आजोबांना सुरू झालेली गोळी आणि चाळिशीत वडिलांना सुरू झालेली गोळी, हे दोन वेगळे वारसे आहेत.

याच मुलांना तरुणपणी बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावून त्यांचा रक्तदाब मोजला होता. गारठ्याने तो बहुतेकांचा चढतो. ज्यांचा वरचा आकडा जास्त उसळला, त्यांच्यात पुढे रक्तदाबाचा आजार अधिक दिसला. एरवी आकडा नॉर्मल असताना शरीर आपला स्वभाव असा दाखवून गेलं होतं.

हृदयातही असंच काहीसं दिसतं. हृदयाचं काम म्हणजे आवळणं, एवढंच आपण धरून चालतो. खरं तर सैल पडणं तितकंच महत्त्वाचं. डावी जवनिका, म्हणजे डावीकडचा खालचा कप्पा, सैल पडला की वरच्या कप्प्यातलं बरंचसं रक्त आपसूक खाली उतरतं आणि उरलेलं वरचा कप्पा शेवटी ढकलतो. रक्तदाब असलेल्यांच्या तरुण मुलांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजेच टूडी इको, केल्यावर बऱ्याच अभ्यासांत आपसूक उतरणारा वाटा किंचित कमी आढळला. काही अभ्यासांत जवनिकेची भिंतही थोडी जाड होती. दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब तोवर ठीकच होता. हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत, एकट्यादुकट्या मुलाचा इको पाहून त्याचं भविष्य सांगता येत नाही. म्हणून निरोगी मुलाने उगाच इको करत फिरू नये. वर्षातून एकदा, पाच मिनिटं शांत बसून, नीट मोजलेला रक्तदाब त्याच्या जास्त कामाचा.

आपल्याकडे यात एक मोठी अडचण आहे. वडिलांचं बीपी 'बावन्नाव्या वर्षी निघालं' म्हणतात, ते बहुधा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत निघालेलं असतं. ते लागलं कधी, कुणास ठाऊक! त्याआधी कुणी मोजलेलंच नसतं. त्यामुळे घरातल्यांनी सांगितलेल्या वयाच्या थोडं आधीच ते लागलं असं धरावं.

हा वारसा एखाद्या जनुकात बसलेला नाही. रक्तदाबाशी नातं असलेल्या जनुकीय जागा शेकड्यांनी सापडल्या आहेत आणि बहुतेकींचा एकेकटा परिणाम अगदी किरकोळ असतो. शिवाय घरातून नुसती जनुकं मिळत नाहीत, ताटात डावीकडे वाढलेलं मीठ, लोणचं, पापडही मिळतात. अमेरिकेतल्या लुईस डाल यांनी १९६०च्या दशकात उंदरांची दोन घराणी वाढवली. खारट खाद्यावर एका घराण्याचा रक्तदाब भरमसाट चढे, दुसऱ्याचा जवळपास जागेवर राही. पुढे त्यांनी मूत्रपिंडांची अदलाबदल केली, तेव्हा रक्तदाब बऱ्याच अंशी मूत्रपिंडामागोमाग गेला. मिठाचा निचरा करण्याची मूत्रपिंडाची कुवत वारशाने आली होती. पण त्या नाजूक घराण्यातल्या उंदरांनाही कमी मिठाचं खाद्य दिलं, तेव्हा त्यांचा रक्तदाब तेवढा चढला नाही.